अंडं, दूध आणि शकुंतला

प्लॅटिपस हा प्राणी ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेकडच्या नद्या-ओढ्यांत आणि टास्मानियात राहतो, असं पुस्तकात लिहिलेलं असतं. ही माहिती अपुरी आहे. तो यवतमाळ जिल्ह्यातही राहतो आणि इथे त्याची संख्या बरी आहे. फक्त तो नदीत नसतो, अभ्यासिकेत असतो. वणीपासून उमरखेडपर्यंत आणि दारव्ह्यापासून पांढरकवड्यापर्यंत जिथे जिथे तलाठी, पोलीस, वनरक्षक अशा भरत्यांची तयारी करणारी पोरं माना खाली घालून बसलेली असतात, तिथे तिथे तो सामान्यज्ञानाच्या जाडजूड पुस्तकात सापडतो. ‘खालीलपैकी अंडी घालणारा सस्तन प्राणी कोणता?’ या प्रश्नाखाली चार पर्यायांत त्याचं बिऱ्हाड असतं. शेजारी वटवाघूळ, कांगारू आणि देवमासा. वटवाघूळ उडतं म्हणून बोलावलेलं, कांगारू ऑस्ट्रेलियाचं म्हणून आणि देवमासा पाण्यातला म्हणून. तिघेही केवळ फसवायला बसलेले सज्जन.

पोरं फसत नाहीत. प्रश्न अर्धा वाचून होतो न होतो तोच गोल काळा झालेला असतो. पण त्यातल्याच एखाद्याला विचारावं, ‘का रे, हा प्लॅटिपस केवढा असतो?’ तर तो आपल्याकडे कीव केल्यासारखं पाहतो. ‘ते सिलॅबसमध्ये नाही ना सर.’ बरोबरच आहे त्याचं. एका गुणाला एवढी ओळख पुरते. उद्या तो तलाठी झाला तर सातबाऱ्यावर प्लॅटिपसची नोंद घ्यायची वेळ त्याच्यावर येणार नाही.

तरी सिलॅबसच्या बाहेरचं थोडं सांगतो. प्लॅटिपस शेपटीसकट हात-सव्वा हात लांब, वजनाला किलो-दोन किलो. अंगावर दाट लव, तिच्यात पाणी शिरत नाही. तोंडाला रुंद, मऊ चोच. पायांना पडदे. शेपूट चपटी. मोठेपणी तोंडात दात नाही एकही. जठर म्हणावं असंही पोटात काही नाही, अन्ननलिका थेट आतड्याला जाऊन मिळते. नराच्या मागच्या पायाला नखी, आणि तिच्यात विष. पाण्यात बुडी मारली की हा गृहस्थ डोळे, कान आणि नाक तिन्ही मिटून घेतो. तळाच्या गाळात अळी हलली, झिंगा हलला, की त्यांच्या स्नायूंतून जी कणभर वीज निघते, ती चोचीने टिपतो आणि शिकार करतो. मल, मूत्र आणि अंडी या सगळ्यांना शरीरातून बाहेर यायला दार एकच. या कुळाला शास्त्रात जे नाव मिळालं ते या एका दारावरूनच. एवढं सगळं झाल्यावर मादी बिळात दोन अंडी घालते, दहाएक दिवस त्यांना शेपूट आणि पोट यांच्यामध्ये धरून ऊब देते आणि बाहेर आलेल्या पिल्लांना दूध पाजते.

या कुळात आज पाचच जाती उरल्या आहेत. प्लॅटिपस एक आणि एकिडना चार. एकिडनाच्या अंगभर काटे, तोंड निमुळतं लांब, मुंग्या, वाळवी नाहीतर गांडुळं हे मुख्य जेवण. त्यातल्या एका जातीला निसर्गपटवाले डेव्हिड ॲटनबरो यांचं नाव दिलेलं आहे. न्यू गिनीच्या सायक्लोप्स डोंगरात १९६१ साली तिचा एकच नमुना मिळाला होता. त्यानंतर २०२३ साली जंगलात लावलेल्या कॅमेऱ्यापुढून ती डुलत डुलत गेली, तेव्हा जगाला कळलं की बाई अजून आहेत. भरतीच्या पुस्तकात मात्र एकिडनाला सहसा जागा मिळत नाही.

सस्तन प्राण्यांची जी लक्षणं आपण शाळेत घोकली, ती या पाहुण्यांना लावून पाहू. अंगावर केस? आहेत. एकिडनाचे काटे म्हणजे जाड झालेले केसच. गरम रक्त? आहे, पण बेताचं. शरीराचं तापमान ३२ अंशांच्या आसपास, आपल्यापेक्षा पाच अंश कमी. दूध? आहे, पण ते प्यायला स्तनाग्रं नाहीत. पोटाच्या कातडीवर दोन जागी दूध पाझरतं आणि पिल्लं ते केसांतून चाटून घेतात. आणि जिवंत पिल्लाचा जन्म? तो मात्र नाही. चारपैकी तीन प्रश्नांत पास, चौथ्यात नापास. एरवी ७५ टक्के म्हणजे पेढे वाटावेत असा निकाल. पण युरोपातल्या विद्वानांनी या एका विषयापायी त्यांना ८५ वर्षं नापास करून ठेवलं.

त्या विद्वानांची गोष्ट पुढे येईलच. आधी आमच्याकडच्या विद्वानांचं ऐकून घ्या. कोण अंडी घालतं आणि कोण पिल्लं देतं, याचा एक नियम आमच्या भागातल्या म्हाताऱ्या माणसांना तोंडपाठ असतो. ‘ज्याचे कान दिसते, ते पिल्लं देते. ज्याचे कान नाई दिसत, ते अंडे देते. झालं!’ शेवटच्या ‘झालं’मध्ये पुढची चर्चा बंद असल्याची सूचना असते.

हा नियम आमच्या जिल्ह्यात कुठेही लावून पाहा. गाय, म्हैस, बकरी, कुत्रं यांचे कान दिसतात. रानात रोही, रानडुक्कर, अस्वल यांचेही दिसतात. कोंबडी, चिमणी, पाल, साप, बेडूक आणि धरणातला रोहू यांचे दिसत नाहीत. आता अवघड गिऱ्हाइकं घेऊ. घाटंजी आणि पांढरकवड्याच्या मधे टिपेश्वरचं अभयारण्य आहे, १४८ चौरस किलोमीटरचं. पर्यटक तिथे वाघ पाहायला जातात. आपण बाकीच्यांकडे पाहू. वटवाघूळ उडतं, तरी त्याला चांगले ठसठशीत कान आहेत आणि ते पिल्लाला पोटाशी घेऊन लटकतं. सायाळीच्या अंगावर एकिडनासारखे काटे आहेत, पण कान आहेत, म्हणून पिल्लं. खवल्या मांजर तर फसवण्यासाठीच जन्माला आलेलं. अंगभर खवले, तोंडात दात नाहीत, लांब जिभेने मुंग्या आणि वाळवी खायची, कुणी आलं की गोळा होऊन पडायचं. कुणीही शपथेवर सांगेल की हे अंडी घालत असणार. पण नीट पाहिलं तर डोक्याच्या बाजूला लहानसे कान आहेत. आणि ते खरोखरच पिल्लू देतं, बहुधा एकच. ते पिल्लू आईच्या शेपटीच्या बुडाशी घट्ट धरून बसतं आणि रानभर फिरतं.

आता तोच नियम प्लॅटिपसला लावा. त्याला बाहेर कान नाहीत. जिथे असावेत तिथे नुसती फट आहे. म्हणजे अंडी. झालं! देवमासा आणि डॉल्फिन यांच्यापाशी हा नियम बुडतो, हे कबूल. पण यवतमाळ जिल्ह्याला समुद्र नाही, त्यामुळे कुणी ती तक्रार घेऊन आलेलं नाही.

म्हणजे १७९९ साली प्लॅटिपसचं कातडं लंडनऐवजी आमच्याकडच्या एखाद्या ओसरीवर आलं असतं, तर प्रश्न चहा उकळेपर्यंत मिटला असता. पण ते गेलं लंडनला. न्यू साऊथ वेल्सचा गव्हर्नर जॉन हंटर याने १७९८ साली ते पाठवलं आणि पुढच्या वर्षी ब्रिटिश म्युझियमच्या जॉर्ज शॉने त्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन लिहिलं. लिहिताना त्यालाच धास्ती वाटत होती, की कुणा भामट्याने जनावराच्या कातड्याला बदकाची चोच शिवून तर दिली नसेल? टाके काही सापडले नाहीत. चोच खरी निघाली आणि तिथून खरी भांडणं सुरू झाली.

जर्मनीच्या मेकेलला १८२४ साली या प्राण्यात दुधाच्या ग्रंथी सापडल्या. त्याचं म्हणणं, दूध आहे म्हणजे हा सस्तन. फ्रान्सचा जोफ्रुआ सँतिलेअर म्हणाला, छे, हा अंडी घालणारा आहे, मग त्या ग्रंथी दुधाच्या कशा असतील? इंग्लंडच्या रिचर्ड ओवेनने मधला मार्ग काढला. अंडी असतील, पण ती पोटातच फुटत असतील आणि पिल्लं जिवंत बाहेर येत असतील. तिघेही आपापल्या देशातले नावाजलेले पंडित. भांडणाच्या मुळाशी गृहीतक मात्र एकच होतं. अंडं आणि दूध एका घरात नांदू शकत नाहीत. ज्या आदिवासींच्या नदीत हा प्राणी राहत होता, ते आल्या-गेल्या गोऱ्या माणसाला सांगत होते, की अहो, घालतो तो अंडी. पण त्यांच्या सांगण्याला पुरावा मानायची पद्धत नव्हती. पुरावा म्हणजे जे साहेबाच्या डोळ्यांना दिसेल ते.

शेवटी केंब्रिजचा विल्यम कॉल्डवेल नावाचा तरुण क्वीन्सलँडमध्ये बर्नेट नदीवर तंबू ठोकून बसला. शोधायला माणसं लावली तीही तिथल्याच आदिवासींपैकी, शंभराच्या वर. ज्यांना उत्तर आधीच ठाऊक होतं, त्यांनाच मजुरीवर लावून उत्तर शोधलं गेलं. ऑगस्ट १८८४ मध्ये त्याने एक मादी मारली. तिचं एक अंडं घालून झालेलं होतं आणि दुसरं बाहेर पडण्याच्या बेतात होतं. यापेक्षा स्पष्ट जबाब कुठली साक्षीदार देणार? कॉल्डवेलने तार ठोकली. इंग्रजीत शब्द मोजून चार, पण आशय एवढाच की घालतात, अंडीच घालतात. २ सप्टेंबर १८८४ रोजी ती तार मॉन्ट्रियलला भरलेल्या शास्त्रज्ञांच्या सभेत वाचली गेली. योगायोग असा, की त्याच दिवशी ॲडलेडमध्ये विल्हेल्म हाके नावाचा दुसरा शास्त्रज्ञ एकिडनाच्या पोटावरच्या पिशवीत सापडलेलं अंडं तिथल्या सभेला दाखवत होता. ८५ वर्षं कुणा साहेबाला दिसलं नाही आणि मग एकाच दिवशी जगाच्या दोन टोकांना दोन बातम्या. बातम्यांचं हे असंच असतं.

या एकिडनाबाईंचं बाळंतपण जवळून पाहण्यासारखं आहे. अंडं एकच. कोंबडीच्या अंड्याचं कवच टणक असतं, हिच्या अंड्याचं चिवट आणि मऊ. पोटावर त्या हंगामापुरती कातडीची एक घडी तयार होते, तीत ते अंडं राहतं. दहाएक दिवसांनी पिल्लू नाकाच्या टोकावरच्या बारक्या दाताने कवच फाडतं आणि बाहेर येतं. लांबी दीड सेंटिमीटर, वजन अर्धा ग्रॅमही नाही. डोळे मिटलेले, अंग उघडं. ते आईच्या केसांना धरतं आणि जिथे दूध पाझरतं तिथे चाटत राहतं. असे सात-आठ आठवडे जातात. मग लेकराच्या पाठीवर काटे फुटू लागतात आणि आईला एका सकाळी कळतं, की आता हे पोटाशी धरवत नाही. ती त्याला बिळात नेऊन ठेवते, दार मातीने बुजवते आणि चरायला निघून जाते. चार-पाच दिवसांनी येते, एका बैठकीत पोटभर दूध पाजते, पुन्हा दार बुजवते आणि जाते. काही महिने हेच चालतं. लेकराला काटे फुटल्यावर अंतर ठेवायचं, पण दूध तोडायचं नाही, हा व्यवहार ज्या आईबापांच्या घरी अठरा वर्षांचं पोरगं आहे त्यांना वेगळा समजावून सांगायला नको.

उन्हाचाही या बाईंनी आपल्यापुरता बंदोबस्त केला आहे. एकिडनाला ना घाम येत, ना कुत्र्यासारखं धापा टाकता येत. ऊन वाढलं की ती नाकातून शेंबडाचे बुडबुडे काढते, ते फुटून नाकाचा शेंडा ओला होतो आणि ओलाव्याने रक्त थंड होतं. शास्त्रज्ञांना हे २०२३ साली कळलं. मे महिन्यात पारा ४५ कडे निघाला आणि वीज गेली, की यवतमाळकरांनी या उपायाचा विचार करायला हरकत नाही. फक्त चारचौघांत करू नये.

हे सगळं वाचलं की माणूस म्हणतो, काय बाई एकेक विचित्र प्राणी! नियमाला अपवाद! माझं भांडण नेमकं इथे आहे. अंडी घालणारे सस्तन नियमाला अपवाद नाहीत. ते नियमाच्या आधीचे आहेत. सगळ्यात पहिले सस्तन प्राणी अंडीच घालत. डायनासोरांच्या पायांखालून पळणारे, उंदराएवढे, रात्री किडे शोधत हिंडणारे ते जीव जिवंत पिल्लं देत नव्हते. प्लॅटिपसची वाट आपल्या वाटेपासून सुमारे १८-१९ कोटी वर्षांपूर्वी वेगळी झाली. पोटात पिल्लू वाढवायची टूम आपल्या फांदीवर त्यानंतर निघाली. कांगारूंनी ती अर्धी उचलली. त्यांचं पिल्लू महिनाभरात, इंचभर असतानाच बाहेर येतं आणि पुढची वाढ पिशवीत करतं. आपण ती पुरती उचलली. प्लॅटिपस आणि एकिडना यांनी उचलली नाही, कारण त्यांचं जुन्या रीतीने भागत होतं.

याचा अर्थ असा की दूध आधी आलं आणि बाळंतपण नंतर. आईपणाचा जो क्रम आपण गृहीत धरतो, तो इतिहासात उलटा आहे. पोटी लेकरू धरायच्या कितीतरी आधी या वंशातल्या आया दूध देत होत्या. अंडी असताना दूध कशाला लागलं? ओलाव ऑफ्टेडाल या अमेरिकी शास्त्रज्ञाचं म्हणणं असं, की त्या जुन्या अंड्यांचं कवच मऊ होतं, ती लवकर सुकत. आईच्या कातडीतून पाझरणारा ओलावा अंड्यांना सुकू देत नसे. पुढे पिल्लांनी तो चाटायला सुरुवात केली आणि त्यात हळूहळू सत्त्व भरत गेलं. हे मत खरं धरलं, तर पहिलं दूध भूक भागवायला आलेलं नव्हतं. ते अंडं वाळू नये म्हणून आलं होतं.

ज्याला आपण अपवाद म्हणतो, तो बऱ्याचदा जागेवरच असतो आणि आजूबाजूचे बदललेले असतात. यवतमाळकरांना ही गोष्ट निराळी पटवून द्यायला नको, कारण आपण शकुंतला पाहिली आहे. यवतमाळ ते मूर्तिजापूर, ११३ किलोमीटर, अरुंद रूळ, इकडचा कापूस मुंबईच्या गाडीपर्यंत पोचवायला इंग्रजांच्या काळात टाकलेले. मालक किलिक निक्सन ही कंपनी. १९५१ साली देशातल्या रेल्वे सरकारच्या झाल्या, पण ही कंपनीचीच राहिली. गाड्या सरकार चालवायचं, रूळ कंपनीचे. १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत तिला ओढत होतं. बाहेरगावचे पत्रकार यायचे, फोटो काढायचे आणि ‘देशातली खासगी रेल्वे, एक अजब अपवाद’ असं लिहून जायचे. अहो, पण ती टाकली तेव्हा हाच नियम होता. मुंबई-ठाण्याची पहिली गाडीसुद्धा कंपनीचीच होती. शकुंतला अपवाद झाली नाही. ती होती तिथेच राहिली, बाकीच्या बदलल्या.

प्लॅटिपसचं तेच आहे. आणि जुना म्हणजे थांबलेला, असंही नाही. विजेची शिकार, पायातलं विष, चोच या त्याने स्वतः पुढे मिळवलेल्या गोष्टी आहेत. अंडं तेवढं जुनं ठेवलं. शकुंतलेलाही १९९४ ला डिझेलचं इंजिन लागलंच की.

यवतमाळचा आणि प्लॅटिपसचा संबंध अभ्यासिकेपुरताच आहे असं समजू नका. त्यासाठी वणीला चला. या जिल्ह्याच्या नावातही तोच आधी-नंतरचा खेळ आहे. १८६४ साली जिल्हा झाला, पुढे तो वणीच्या नावाने ओळखला गेला, यवतमाळ हे नाव त्याला १९०५ साली मिळालं. वणीच्या माणसाशी या विषयावर बोलायला बसताना हातात वेळ ठेवावा. तर वणी, राजूर, मुकुटबन या पट्ट्यात जमिनीखाली दगडी कोळसा आहे. तो ज्या झाडांचा झाला, त्यांत ग्लॉसोप्टेरिस नावाचं लांबट पानांचं झाड मुख्य. २५ ते ३० कोटी वर्षांपूर्वीची गोष्ट. आणि ज्या न्यू साऊथ वेल्समधून प्लॅटिपसचं कातडं लंडनला गेलं, तिथल्या कोळशातही याच झाडाची पानं सापडतात. तेव्हा भारत, ऑस्ट्रेलिया, अंटार्क्टिका, आफ्रिका आणि दक्षिण अमेरिका सगळे एकत्र कुटुंबात होते. कॉल्डवेलची तार गेली त्याच्या पुढच्याच वर्षी, १८८५ मध्ये, एडवर्ड स्यूस या ऑस्ट्रियाच्या भूवैज्ञानिकाने त्या कुटुंबाला गोंडवाना-भूमी म्हटलं. म्हणजे गोंडांचा मुलूख, ज्यात चंद्रपूरच्या गोंड राजांचं वणी-केळापूरही येतं. आज प्लॅटिपसवरच्या कुठल्याही शास्त्रीय लेखात ‘गोंडवाना’ आल्याशिवाय राहत नाही. झरी-जामणीच्या एखाद्या गोंड आजोबांना कुणी जाऊन सांगायला हवं, की तुमच्या मुलखाचं नाव एका चोचवाल्या प्राण्याच्या कुळवृत्तांतात लागलं आहे.

पुढे वाटण्या झाल्या. सुमारे १३ कोटी वर्षांपूर्वी भारत ऑस्ट्रेलिया-अंटार्क्टिकापासून सुटा होऊन उत्तरेकडे निघाला. प्लॅटिपसच्या कुळाचे जुने अवशेष ऑस्ट्रेलियात मिळतात, दक्षिण अमेरिकेच्या पॅटागोनियात मिळतात, भारतात मिळालेले नाहीत. पण त्याहून जुने सस्तन आपल्या दाराशी होते. पैनगंगा वणी तालुक्यात जुगादजवळ वर्धेला मिळते, वर्धा पुढे वैनगंगेला भेटून प्राणहिता होते आणि प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीत जाते. त्या वाटेवरच्या कोटा गावावरून तिथल्या खडकांच्या थराला कोटा हे नाव आहे. प्राणहितेच्या पलीकडे, पूर्वीच्या आदिलाबाद जिल्ह्यात, याच थरात डायनासोरांची प्रचंड हाडं निघाली आणि त्यांच्यासोबत निघाले चाळणीने चाळून शोधावे लागणारे सस्तन प्राण्यांचे बारके दात. १९८१ साली त्यातल्या एका प्राण्याला कोटाथेरियम असं नाव मिळालं. हे जीव जवळपास १७-१८ कोटी वर्षांपूर्वीचे, म्हणजे अंडं सोडायची टूम निघण्याच्या अलीकडे-पलीकडेचे. तेव्हा आपल्या नद्यांच्या खोऱ्यात, रात्रीच्या वेळी, अंड्यावर बसलेली दूधवाली आई बहुधा होती. भरतीच्या पुस्तकात अंडी घालणाऱ्या सस्तनाला ऑस्ट्रेलियाचा पत्ता देतात, तो त्याचा आजचा पत्ता आहे. मूळ गावांची यादी करायची तर त्यात हा परिसरही धरावा लागेल.

आणि आपण? आपण अंडं पुरतं सोडलं का? कोंबडीकडे अंड्यातला पिवळा बलक तयार करणारी तीन जनुकं असतात. प्लॅटिपसकडे त्यातलं एक चालू राहिलं आहे. २००८ साली स्वित्झर्लंडमधल्या शास्त्रज्ञांनी माणसाच्या जनुकांत शोध घेतला, तेव्हा त्याच जागी त्यांना मोडकळीला आलेले, न चालणारे तुकडे सापडले. दूध असल्यावर बलकाची गरज उरली नाही आणि कारखाना बंद पडला. भिंती तेवढ्या उभ्या आहेत. शिवाय प्रत्येक माणसाच्या गर्भात सुरुवातीच्या आठवड्यांत एक लहान पिशवी तयार होते. ती बलकाची पिशवी. तीत बलक नसतो. पण ती रिकामी बसत नाही, गर्भाचं अगदी पहिलं रक्त तिच्यात तयार होतं. पाच-सहा आठवड्यांच्या सोनोग्राफीत डॉक्टर ती आहे ना, हे आवर्जून पाहतात. ती दिसली की रिपोर्टमध्ये तशी नोंद होते, आणि यवतमाळच्या कितीतरी घरांत आनंदाची पहिली बातमी म्हणून येतो तो कागद एका बिनबलकाच्या अंड्याची साक्ष देत असतो.

‘येथे गर्भलिंग निदान केले जात नाही’ या पाटीखालच्या बाकावर असाच एक कागद मध्यंतरी वाचला जात होता. वाचणारी कॉलेजातली नात, ऐकणारी आजी, आणि ज्यांचा कागद होता त्या वहिनी लाजून मोबाइलमध्ये पाहत होत्या.

‘योक सॅक सीन, असं लिवलं हाय.’

‘थे काय असते वं?’

‘अंड्यातल्या पिवळ्या बलकाची पिशवी, आजी. आपल्या पोटातबी असते. फक्त बलक नसते तिच्यात.’

‘बलक नाई तं मंग पिशवी कायले ठेवली?’

‘आधीपासून हाय म्हणून.’

आजीने क्षणभर विचार केला. तीन देशांच्या पंडितांना जो प्रश्न ८५ वर्षं पेलला नव्हता, त्याचा तिने पदर सावरत निकाल लावला.

‘मंग राहू दे नं बाई. आपल्याले काई खायले मांगते का थे?’